मस्ट म्हणायला पुरावा लागतो

आमच्या इंग्रजीच्या सरांना कुणी "उद्या येणार ना?" असं विचारलं, तर ते कधीच सरळ "हो" म्हणत नसत. आधी थांबायचे. डोक्यावरची काळी टोपी बोटभर मागं सारायचे, आभाळाकडं बघायचे आणि मग म्हणायचे, "येऊ शकतो." समोरचा माणूस चिवट असला तर पुन्हा विचारायचा, "म्हंजे येनार न्हवं?" त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं, "येऊ शकतो म्हणजे येण्याची ताकद अंगात आहे. येईन की नाही, हा प्रश्न वेगळा."

कराडच्या मंडईतली मेथीवाली बाई एकदा त्यांच्यावर उखडली होती. "आवं मास्तर, उंद्या जुडी ठिवू का नगं तेवढं सांगा की! तुमची ताकद ऐकून मी काय करू?" सर गंभीरपणे म्हणाले, "ठेवायला हरकत नाही." आणि दुसऱ्या दिवशी मंडई पुरती उघडायच्या आत पिशवी घेऊन तिच्यापुढं हजर.

सर एकटे राहत. कल्हई करणाऱ्या एका चाचांच्या घरी माडीवरची खोली त्यांनी घेतली होती. खाली दिवसभर भाता चालायचा, नवसागराचा धूर जिन्यातून वर जायचा आणि सरांच्या कोटाला कायम त्याचा वास यायचा. ईद जवळ आली की चाचा जिन्याखालून हाक मारायचे, "मास्तर, जेवायला हायसा न्हवं?" वरून आवाज यायचा, "शक्यता आहे." चाचा आम्हाला हसून सांगायचे, "ह्यांची शक्यता म्हंजे लोकांच्या शपथेपरीस पक्की बघा. ताट मांडायच्या आधी येऊन बसत्यात."

हे सगळं त्यांच्या अंगात कुठून आलं, कोण जाणे. कुणी म्हणे, त्यांनी वकिलीची परीक्षा अर्धी सोडली होती. कुणी म्हणे, सांगलीला असताना त्यांनी कुणाला तरी ठाम शब्द दिला आणि तो खोटा ठरला. सांगलीत त्यांची एक बहीण होती. सुट्टीत तिच्याकडं जायचे आणि येताना हळदीचं पुडकं घेऊन यायचे. त्यापलीकडं त्यांच्याबद्दल आम्हाला काही माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती कुणाची नव्हती.

त्यांचा जीव होता तो इंग्रजीतल्या मदतनीस क्रियापदांवर. कॅन, मे, मस्ट, शुड, डू, हॅव. बाकी व्याकरण ते भरभर उरकायचे, पण मदतनिसांना महिने द्यायचे. पहिल्याच दिवशी ते फळ्याकडं पाठ करून म्हणाले होते, "आपल्या भाषेत मदतनीस मागून चालतो. जाऊ शकतो. जायला पाहिजे. गेला असेल. आधी काम, मागून मदतनीस. आपला गाडीवान बैलांच्या मागं बसतो, तसं. इंग्रजीतला मदतनीस घोड्याचा लगाम धरून पुढं चालतो. एवढं ज्याला कळलं त्याची निम्मी वाट संपली."

आणि हे कळावं म्हणून ते पोरांचीच वाक्यं करायचे. एक पोरगा राम, एक स्विम. मधे जो मदतनीस असेल त्याच्या डोक्यावर सर आपली काळी टोपी ठेवायचे. प्रश्न करायचा झाला की टोपीवाल्यानं टुणकन उडी मारून रामाच्या पुढं जायचं. नकार असेल तर नॉट नावाचा पोरगा यायचा आणि टोपीवाल्याच्याच खांद्यावर हात ठेवायचा, दुसऱ्या कुणाच्या ठेवला तर छडी. काम करणाऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर एस म्हणून एक पंचा असायचा. टोपीवाला आला रे आला की त्यानं तो पंचा उतरवायचा. "मदतनीस आला की काम करणाऱ्यानं उघड्या अंगानं उभं राहायचं," हा सरांचा नियम होता.

मी वर्षभर डू होतो. वाक्यात दुसरा मदतनीस नसेल तेव्हाच डूला बोलवायचं असतं, म्हणून मला वर्गात जागाच नव्हती. मी बाहेर व्हरांड्यात उभा. आतून "डू!" अशी आरोळी आली की धावत जायचं, टोपी घालायची, काम करणाऱ्याच्या खांद्यावरचा पंचा आपल्या खांद्यावर घेऊन डज व्हायचं, वाक्य झालं की पुन्हा व्हरांड्यात. थंडीच्या दिवसात तिथं ऊन छान यायचं, त्यामुळं मी खूश होतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, माझ्या चार वर्षं आधी ह्याच वर्गात होता. तो टू होता. कॅन, मे, मस्टच्या मागं टू चालत नाही, हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून सर त्याला मुद्दाम उभं करायचे आणि सगळ्या वर्गानं ओरडायचं, "टू, खाली बस!" दादा सांगायचा की त्याला वर्षभर दुसरं काम मिळालं नाही. दादा मॅट्रिकला बसला, आपटला, आणि लढाई सुरू झाल्यावर फौजेत भरती झाला. आमच्या गावातली तालमीतली निम्मी पोरं तशीच गेली होती.

शनिवारी सर आम्हाला कृष्णा-कोयनेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर न्यायचे. पाण्यालगतची पायरी माइट, तिच्या वरची मे, मग शुड, आणि सगळ्यांत वरची मस्ट. एखादी गोष्ट सांगायची आणि तिची जितकी खात्री असेल त्या पायरीवर जाऊन उभं राहायचं.

एकदा एक पोरगा छाती काढून सगळ्यांत वर चढला. "पाणी गढूळ हाय. महाबळेश्वराकडं पाऊस झालाच आसनार!"

"पुरावा?" सरांनी विचारलं.

"पाणी गढूळ हाय की, सर."

"वरच्या अंगाला कुणी म्हशी धुतल्या असतील. एक पायरी खाली ये."

तो उतरला. मग म्हणाला, "पर सर, पाणी चढलंयबी."

"हां. आता परत वर जा."

हा "पुरावा?" आम्हाला इतका पाठ झाला होता की आपसात आम्ही सरांना पुरावाच म्हणायचो. मस्ट दोन प्रकारचे, असं ते सांगत. एक हुकमाचा मस्ट, अमुक केलंच पाहिजे. दुसरा खात्रीचा मस्ट, अमुक असलंच पाहिजे. हुकमाचा कुणीही वापरतो, खात्रीचा वापरायला पुरावा लागतो. स्वतः सरांचा हुकमाचा मस्ट एकच होता, आणि तो पत्रलेखनात. कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथून पत्र लिहितो तो पत्ता आणि खाली तारीख. ते नसेल तर सर पत्राची पुढची ओळही वाचत नसत, कागदावर उभी रेघ मारून परत द्यायचे. "पत्र कुठून आलं तेच ठाऊक नाही, तर ते खरं कशावरून?"

बेचाळीसनंतरच्या दिवसांत आमच्या मुलखात पोरं घरं सोडून भूमिगत झाली होती. त्यातला एक सरांचा जुना विद्यार्थी. त्याच्या शोधात फौजदार एका संध्याकाळी थेट सरांच्या खोलीवर आला. मी वह्या घेऊन गेलो होतो, कोपऱ्यात अंग चोरून बसलो. फौजदारानं दरडावून विचारलं, पोरगा कुठंय?

सरांनी टोपी मागं सारली. "कराडात असू शकेल. साताऱ्यातही असेल. आटपाडीकडं निघून गेलेला असण्याचीही शक्यता आहे. कुणाच्या लग्नाला गेला असेल तर मात्र ह्यातल्या कुठंही नसेल. ह्या खोलीत तो असू शकत नाही, कारण इथं तुम्ही बसला आहात."

फौजदारानं पुन्हा पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा पुन्हा तितक्याच सविस्तर शक्यता सांगितल्या. शेवटी तो कपाळाला हात लावून उठला आणि जिना उतरला. तो गेल्यावर सर खाटेवर मटकन बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "खालच्या माळ्यावर चाचांनी कुणाला ठेवलंय का, हे मी आठवडाभर विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. कळलं असतं तर शक्यता म्हणता आलं नसतं." मी खाली आलो तेव्हा चाचा भात्यापाशी बसून दाढीत हसत होते.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्या दिवसाकडं येतो.

पौष महिना होता. मी नेहमीसारखा व्हरांड्यात उभा होतो, डू म्हणून. फाटकातून आमचे तात्या येताना दिसले. तात्या म्हणजे माझे चुलते. वडील आमच्या लहानपणीच गेले, तेव्हापासून घर तात्यांनीच ओढलेलं. सात मैल चालत आले होते. पायांत वहाणा नव्हत्या. माझ्याजवळ आले, पण डोळ्याला डोळा देईनात.

"चल. घरी जायाचं."

"का? काय झालं?"

"कार्ड आलंय पल्टनीचं." मग त्यांनी खांद्यावरच्या घोंगडीचं टोक तोंडाशी धरलं. "कोपरा कापल्यालं हाय, बाळ."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. आमच्याकडं मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. तसलं कार्ड कुणी उंबऱ्याच्या आत नेत नाही. गावाबाहेर उभ्यानं वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. कोपरा दिसला की पुढचं वाचायची गरजही नसते. दादाचं पत्र दसऱ्यापासून आलं नव्हतं, आणि रोज सकाळी आईनं टपालवाल्याची वाट बघितली होती.

आतून "डू!" अशी आरोळी आली. मी गेलो नाही. पुन्हा आली. मग सरच बाहेर आले, हातात छडी घेऊन. मला भिंतीला टेकून बसलेला बघितला, तात्यांना बघितलं, आणि छडी पाठीमागं धरली.

तात्यांनी सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कार्ड कुणी वाचलं?"

"वाचायचं काय त्येच्यात? कोपराच न्हाई."

"पण वाचलं कुणी?"

"विंग्रजीत हाय. गावात कुनाला येतंय? ह्येला न्यायलाच तर आलोय."

"आता कुठं आहे ते?"

"म्हसोबाच्या मागं, दगडाखाली. तसलं कार्ड घिऊन कुनाच्या दारात कसं यायाचं, मास्तर?"

सर वर्गात गेले, पोरांना काहीतरी लिहायला लावून टोपी आणि छत्री घेऊन बाहेर आले. "मी येतो," म्हणाले. "शकतो" नाही, "शक्यता" नाही. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

चाचांनी आपली सायकल दिली. तात्या म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं. सरांना सायकल चालवता येत नव्हती. ते मागं कॅरिअरवर बसले, एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातानं माझा सदरा घट्ट धरलेला. मी रडत होतो आणि पायडल मारत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उसाला तुरे आले होते. चढावर ते उतरून पळायचे, धोतराचा सोगा धरून, धापा टाकत, आणि सपाटीला पुन्हा बसायचे.

"तो गेलाच असणार, सर," मी एकदा म्हणालो.

पाठीत छत्रीचा दांडा बसला. "पुरावा?"

"कोपरा कापलाय."

"कार्डाचा कोपरा कापलेला आहे. एवढंच आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही तात्यांकडून. बाकी सगळं अजून मे. तू वरच्या पायरीवर चढायचं नाहीस. ऐकतोयस?"

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. घरावर कुऱ्हाड कोसळलेली आणि हा माणूस पायऱ्या मोजतोय. पण खरं सांगायचं तर त्या रागानंच मी सात मैल पायडल मारू शकलो.

म्हसोबाच्या मागं दगड होता. मी सायकल टाकून लांबच उभा राहिलो. सरांनी दगड उचलला, कार्ड घेतलं, फुंकर मारून माती उडवली. आधी त्यांनी कापलेली कड बोटानं चाचपून बघितली.

"हाताने फाडलेला नाही. कात्री आहे. सरळ रेघेत," म्हणाले. मग कार्ड माझ्याकडं फिरवून धरलं. "हे अक्षर कुणाचं?"

मी बघितलं. वाकडी, उजवीकडं पडणारी, प्रत्येक टीवर लांबच लांब आडवी रेघ. दादाचं अक्षर. मयताचं कार्ड मयत स्वतः कसं लिहील? माझ्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. मी पळतच सुटणार, तोच सरांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तारीख त्या कोपऱ्याबरोबर गेली. हे कार्ड कधी लिहिलंय ते कळत नाही. जुनंही असू शकेल." त्यांचा आवाज कापत होता. पहिल्यांदाच मला कळलं की हा माणूस माझ्याइतकाच घाबरलेला आहे. ते ओठ हलवत वाचायला लागले. मी त्यांच्या ओठांकडं बघत उभा. तेवढा वेळ मला अख्ख्या शाळेच्या वर्षाएवढा लांब वाटला.

"दिवाळीत तुम्हाला लिहू शकलो नाही, असं लिहितो. दवाखान्यात होतो. पायाला लागलं होतं." सरांनी मान वर केली. "म्हणजे दिवाळी होऊन गेल्यावर लिहिलंय. आता तो चालू शकतो. उन्हाळ्यात रजेवर येण्याची शक्यता आहे. साहेबाला मराठी येत नाही, मराठी पत्र तपासायला लांब पाठवतात, म्हणून इंग्रजीत लिहितोय." मग त्यांनी कार्डाची कापलेली जागा पुन्हा बघितली आणि हळूच म्हणाले, "फौजेची पत्रं साहेब तपासतात. आपण कुठं आहोत ते शिपायानं लिहायचं नसतं. त्यानं कोपऱ्यात पत्ता घातला असेल. साहेबानं तेवढाच कापला."

पत्ता त्यानं का घातला असेल, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सरांचा चेहरा पांढरा पडला.

पण बोलत बसायला वेळ नव्हता. तात्यांनी घरात काही सांगितलं नव्हतं, तरी कार्ड आणणाऱ्यानं गावभर केलंच होतं. आमच्या अंगणात बाया जमल्या होत्या. मी सरांच्या पुढं धावत गेलो. ओरडून सांगायचं होतं, दादा बरा आहे, दादा बरा आहे. पण दारात आलो, ओट्यावर पांढरीफटक बसलेली आई दिसली, आणि सांगायचं राहूनच गेलं. शब्द फुटेना. मी नुसता हमसाहमशी रडायला लागलो. बायांना काय वाटायचं ते वाटलं. एकदम टाहो फुटला. माझ्या आनंदाच्या रडण्यानं मी माझ्याच घरावर आकांत आणला होता.

अंगणाच्या मधोमध वहिनी बसली होती. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, त्यातले तीन महिनेसुद्धा दादाबरोबर काढलेले नाहीत. भावकीतली एक थोरली बाई हातात दगड घेऊन तिच्यापुढं बसली होती आणि तिचे हात मागत होती. वहिनीनं दोन्ही मनगटं पदराखाली पोटाशी आवळून धरली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आगं, हात दे. पोरगं रडतंय बघ. आता काय ऱ्हायलंय?"

"कार्ड कुनी वाचलंय?" वहिनी म्हणाली. "ज्यानं वाचलंय त्यानं माझ्याम्होरं येऊन सांगावं. तवर मी बांगडीला हात लावू देनार न्हाई."

सकाळपासून ती एवढंच म्हणत होती, असं मला मागाहून कळलं. बाया तिला कडू जिभेची म्हणाल्या, दगडाच्या काळजाची म्हणाल्या, ती तेवढंच म्हणत राहिली.

सर धापा टाकत दारात आले. टोपी कुठंतरी पडली होती. छत्री उंच धरून त्यांनी "थांबा!" असं ओरडून सांगितलं. अख्खा वर्ग गप्प करणारा आवाज होता तो. बाया गप्प झाल्या. सर वहिनीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी वाचलंय. हे बघा, कार्डाचा कोपरा कापलेला असला तरी त्यावरून असं म्हणता येत नाही की..."

आई ओट्यावरून उठली. "आवं मास्तर, पाया पडते तुमच्या. माझा ल्योक जित्ता हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सरांनी आईकडं बघितलं. टोपी मागं सारायला हात वर गेला, पण डोक्यावर टोपी नव्हती.

"आहे," ते म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, "आहे. जिवंत आहे. चालतोय. त्याच्या हातचं अक्षर आहे."

पुढचं मला धड आठवत नाही. आई सरांच्या पायांवर पडली एवढं आठवतं, आणि सर दोन्ही हात वर करून "नको, नको, माझं काही नाही त्यात" असं पुटपुटत मागं मागं सरकत होते. दगडवाल्या बाईनं दगड पदराखाली लपवला. वहिनीनं तेव्हा कुठं पदर सोडला, मनगटं बाहेर काढली आणि मोठ्यानं रडायला लागली. तात्या पोचले तेव्हा अंगणात सगळेच रडत होते. ते दारातच खाली बसले, आणि त्यांना समजावून सांगायला आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

चहा झाल्यावर सरांनी कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एक चूक आहे. कॅनच्या मागं टू घुसलाय." सवयीनं त्यांचा हात कोटाच्या खिशातल्या पेन्सिलीकडं गेला. वहिनी दाराआडून चटकन पुढं आली आणि कार्डावर तिनं हात ठेवला.

"आसू द्या, मास्तर. त्येला काय करू नगा."

सरांनी पेन्सिल ठेवून दिली. मला म्हणाले, "राहू दे. वर्षभर त्याला खाली बसवला मी." आणि वहिनीकडं वळून म्हणाले, "तुम्ही माझ्या वर्गात हव्या होता." तिला ते काही कळलं नाही. ती कार्ड घेऊन आत गेली. ते आईनं देव्हाऱ्यात ठेवलं, कापलेल्या कोपऱ्यासकट. घरात आलेलं तसलं ते पहिलंच कार्ड.

सरांना मागं बसवून मी परतीच्या वाटेला लागलो. म्हसोबा मागं पडला, उसाचे फड लागले. मग कॅरिअरवरून आवाज आला, "खात्रीच्या मस्टला मी जन्मभर पुरावा मागितला. हुकमाच्या मस्टला कधी मागितला नाही." मी पायडल मारत राहिलो. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जी माया वाटली, ती आजवर उणावलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पत्ता पत्राच्या शेवटी, खाली लिहायला लावला. हेडमास्तरांनी समज दिली, परीक्षेत पोरांचे गुण कापले जातील म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "कापू द्यात. कोपऱ्यात काही नको." आमचे गुण कापले गेलेच. कुणी तक्रार केली नाही, कारण फौजेत भाऊ नसलेलं घर आमच्या वर्गात क्वचितच होतं.

दादा त्या उन्हाळ्यात काही आला नाही. शक्यता ती शक्यताच राहिली. तो आला लढाई संपल्यावर, जरासा लंगडत, अंगानं भरलेला, हिंदीचे शब्द पेरत बोलणारा. आल्या आल्या दोन दिवसांत तो कराडला सरांकडं गेला आणि त्यांना घरी जेवायला बोलावलं. सर पटकन "येतो" म्हणाले. खाली चाचांच्या हातातलं भांडं थांबलं आणि त्यांनी जिन्याकडं मान करून बघितलं, असं दादा सांगायचा.

पुरणपोळीचा बेत होता. सर, तात्या, दादा आणि मी पंगतीला, आई वाढत होती, वहिनी आत चुलीपाशी. सर नीट जेवत नव्हते. पोळी मोडायचे, ठेवायचे. शेवटी ते दादाला म्हणाले, "त्या कोपऱ्यात तू पत्ता लिहिला होतास. माझ्यामुळं."

"व्हय, सर. तुमी सांगितल्यालं, पायजेच म्हून."

सरांनी मान खाली घातली. "कुठला लिहिलास? कुठं होतास तू तेव्हा?"

दादा ओशाळला. "आता काय सांगू, सर. कुठं हाय त्ये आमालाच ठावं न्हवतं. तंबू आन् वाळू. कुनाला इचारलं तर गप ऱ्हा म्हनायचा. पर तुमची रेघ डोळ्याम्होरं याची, पत्त्याबगार पत्र न्हाई. मग लय इचार केला, आन् आपल्या गावाचाच लिवला."

"आँ?" तात्या म्हणाले. "आन् त्या सायबानं त्यो कापला?"

"कापला की. मागल्या अंगाला त्योच पत्ता हुता, त्यो तसाच ऱ्हाऊ दिला."

तात्यांना ठसका लागला. मी पोट धरून हसायला लागलो. सर मात्र दादाकडं बघतच राहिले. मग त्यांनी टोपी काढून पाटाशेजारी ठेवली आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "अरे, तुला विचारलं होतं कुठून लिहितोस," ते कसेबसे म्हणाले, "आणि तू लिहिलंस, कुठं यायचंय ते!"

आत चुलीपाशी वहिनीलाही हसू आवरेना. ती तोंडावर पदर धरत असणार, कारण हसणं ऐकू आलं नाही. ऐकू आल्या त्या बांगड्या, दोन्ही हातभर, खळखळून.

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं कान दिला.

"पुरावा," असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी आईकडं आणखी एक पोळी मागितली.